पद्मिनीचे पाणी

मी, मथुरा धर्मा नाखवा, वय वर्षे सत्तर, राहणार वर्सोवा कोळीवाडा, अंधेरी पश्चिम, मुंबई, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले असल्यामुळे अक्षर मला स्वच्छ दिसते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एका माणसाने मला हे मृत्युपत्र दुसऱ्यांदा लिहायला लावले हे खरे, पण तो दबाव कायद्यात मोडणारा नव्हे. त्याची हकिकत पुढे येईल. यापूर्वी ऑक्टोबर महिन्यात लिहिलेला कागद मी रद्द करते. माझ्या मागे हाच ग्राह्य धरावा.

सकाळी अंधेरीच्या बाजारात मासळी विकून दुपारी मी आमच्या मच्छीमार सोसायटीची चिटणीस म्हणून बसत असे. एकोणतीस वर्षे सभांची इतिवृत्ते लिहिली. काय ठरले तेवढेच लिहावे, कोण काय बोलले ते लिहू नये, असा तिथला नियम. तो मी इथे मोडणार आहे. कोण काय बोलले हे लिहिल्याशिवाय कोणाला काय द्यायचे ते समजणार नाही.

१. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, माळा आणि पुढची ओटी, माझा मुलगा हितेश व मुलगी विनिता यांना निम्मे निम्मे. विनिता खारदांड्याला दिली आहे, हितेश मुलुंडला राहतो. दोघांच्या सह्या असल्याशिवाय घर कोणाला विकू किंवा बांधायला देऊ नये. ओटीवर जाळी दुरुस्त करायला बसणाऱ्यांना उठवू नये. ते माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून बसतात आणि चहा स्वतःचा आणतात.

२. बँकेतली ठेव दोघांना सारखी. सोन्याच्या पाटल्या विनिताला, गळ्यातली पोत सून नमिताला. कशाचे वजन किती याची तुलना करू नये. मी आयुष्यभर काट्यावर तोलले, घरात तोलायचे नाही असे ठरवले होते.

३. मासे कापायचा मोठा कोयता माझी धाकटी जाऊ सुगंधा हिला द्यावा. त्याची धार अजून झकास आहे, आणि तिच्या जिभेला सोबत होईल. एकवीस वर्षे ती प्रत्येक लग्नात सांगते, "आमची विनिता लग्नाला आली ती बर्फ लावून आली गो, पापलेटासारखी!" प्रत्येक वेळी सगळे हसतात. विनिताही हसते. मी कधी हसले नाही, आणि सुगंधाला वाटत आले की मथुराला विनोद कळत नाही. तो का कळत नव्हता ते चौथ्या कलमात लिहिले आहे. कोयता घेताना तिने ते वाचावे. तिच्यावरचा राग मी इथेच सोडते. तो मुळात तिच्यावर नव्हताच.

४. माझी मोटार, पांढरी पद्मिनी, १९८९ सालची. आम्ही ती १९९६ साली जुनी घेतली. माझे पती कै. धर्मा यांची स्वतःची बोट होती. खवळलेल्या दर्यात ते बोट वळवीत, पण गाडी मागे घेणे त्यांना कधी जमले नाही. म्हणून गाडी मी शिकले. डिकीत मासळीची पाटी, मागच्या सीटखाली बर्फाचा टब, असा माझा वर्सोवा ते अंधेरी रोजचा फेरा होता. गाडी लवकर तापायची. रेडिएटरमध्ये पाणी घालत राहावे लागे. ते काम धर्मांनी हितेशवर सोपवले होते. संध्याकाळी इंजिन गार झाले की कॅनने पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि येऊन सांगायचे, "बाबा, पाणी बघितलं."

२००४ साली शिमग्यानंतर आमच्या गल्लीत नळाला पाणी फार कमी येऊ लागले. बाजारात गाडी उभी असताना पाणी कमी वाटले की मी बर्फाच्या टबातले वितळलेले पाणी मगाने रेडिएटरमध्ये घालू लागले. त्यात मीठ होते, मासळीचा पाझर होता. मला त्यात काही गैर वाटले नाही. बोटीचे इंजिन दर्याचे पाणी घेऊन गार राहते, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. मग गाडीचे का नाही? शिवाय हे पाणी तर बर्फाचे. जास्तच गार. आमच्या घरात खाऱ्या पाण्याने कोणाचे वाईट होईल हे सुचायलाच जागा नाही. तेच खाऊन आम्ही मोठे झालो.

मे महिन्यात विनिताचे लग्न ठरले. हॉल खारदांड्याला. गाडी हितेश चालवणार होता, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. लग्नाच्या सकाळी निघण्याआधी मी एकटी गाडीपाशी गेले. मनात आले, आज नवरी बसणार, आज तरी तापायला नको. झाकण उघडले. पाणी काठोकाठ होते. हितेशने आदल्या संध्याकाळी भरले होते. तरी वरून मगभर बर्फाचे पाणी ओतले. थोडे मावले, बाकीचे बंपरवर सांडले.

जुहू तारा रस्त्यावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली ती थांबलीच. मुहूर्त पाऊण तासावर. मागून आमच्याच कोळीवाड्याचा बर्फाचा टेम्पो आला. हिरव्या साडीतली, मुंडावळ्या बांधलेली विनिता बर्फाच्या पेट्यांवर गोणपाट टाकून बसली आणि त्याच टेम्पोतून मांडवात उतरली. मला म्हणाली, "आये, रडू नको गो. थंडगार आले मी."

धर्मा मात्र रस्त्यातच हितेशवर उलटले. वऱ्हाड ऐकत होते.

"पानी बघितलं होतंस?"

"बघितलं बाबा. काठोकाठ होतं."

"मग हे काय? खोटं बोलतो वर?"

"बाबा, आईशप्पत बघितलं."

"ज्याला गाडीचं पानी बघता येत नाय, त्याच्या हाती मी सुकाणू देऊ?"

आईची शपथ घेतली तेव्हा आई तिथेच उभी होती. मी गप्प राहिले. वाटले, लग्न लागू दे, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी पाठवणी होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. आठवड्याने बोलणे अवघड झाले, वर्षाने त्याहून. धर्मांनी शब्द पाळला. बोट पगारी तांडेलाच्या हाती दिली. हितेश मुलुंडला औषधांच्या एजन्सीत लागला, तिथेच घर केले. गाडीच्या स्टिअरिंगला त्याने पुन्हा हात लावला नाही, कोणाच्याही गाडीच्या नाही. २०११ साली धर्मा गेले. बोट विकली. सुकाणू हितेशच्या हाती कधी आलेच नाही, आणि ते मी कोणत्याही मृत्युपत्राने त्याला देऊ शकत नाही.

५. आता दशरथ बाबली परब यांच्याविषयी. त्यांना मी काही देत नाही. त्याचे कारण पुढे येईल. पण त्यांच्याबद्दल लिहायचे राहिले तर हा कागद अपुरा राहील.

दशरथ मिस्त्री मूळचे मालवणकडचे. परळच्या गिरणीत बॉयलरवर होते. ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली, तेव्हा अंधेरी पूर्वेला एका पत्र्याच्या शेडमध्ये रेडिएटरचे काम धरले. ते म्हणत, "बॉयलर काय नि रेडिएटर काय, पाण्याक सांभाळूचा." त्यांच्या दुकानात आरडाओरडा नसे, पोस्टर नसे. एक भट्टी, कथिलाचा डाग द्यायची कावी, चपट्या सळ्या आणि स्वच्छ पाण्याची टाकी. गाडी आली की आधी ते इंजिनावर हात ठेवत नसत, कान देत. मग वास घेत. मग विचारत, "पाणी खयचा घालतास?" इतर गॅरेजांत मला कोणी हे विचारले नव्हते. ते गाडी किती पळाली ते विचारत.

लग्नानंतर चौथ्या दिवशी गाडी ओढत त्यांच्याकडे नेली. धर्मा बरोबर होते. मिस्त्रींनी रेडिएटरची खालची तोटी उघडली. चहाच्या रंगाचे पाणी आले. त्यांनी बोट बुडवले, जिभेला लावले आणि थुंकले. (तेव्हा आम्ही नुसते पाणी वापरत होतो म्हणून हे चालले. आता गाडीत कूलंट आहे, ते विष असते. कोणी त्यांचे अनुकरण करू नये.) मग वरच्या टाकीचा डाग वितळवून ती सोडवली. आतल्या नळ्यांची तोंडे गंजाने बुजली होती. त्या गंजावर नखाएवढा एक रावसाचा खवला चिकटला होता, चकचकीत.

मिस्त्रींनी खवला पाहिला. मग माझ्या हातांकडे पाहिले. बाजारातून थेट आले होते, हाताला मासळी होतीच. त्यांनी मूठ मिटली.

"काय सापडलं?" धर्मांनी विचारले.

"गंज." मिस्त्री म्हणाले. "धर्माशेठ, ह्या एका दिवसाचा काम नाय. असा सडूक महिने लागतत. तुमच्या झिलाचो ह्येच्यात काय्येक दोष नाय."

"मिस्त्री, तू पोराची बाजू घेऊ नको."

"मी पाण्याची बाजू घेतंय," ते म्हणाले आणि कामाला लागले.

एका वाक्यात त्यांनी माझा मुलगा सोडवायचा प्रयत्न केला आणि मला झाकले. धर्मांनी ऐकले असते तर सगळे तिथेच मिटले असते. पंधरा दिवसांनी मी गाडी आणायला एकटी गेले. इंजिनाचे हेड तापून वाकले होते, ते भंगारातून दुसरे शोधून घासून बसवले होते, रेडिएटरची एकेक नळी सळीने साफ करून वरची टाकी पुन्हा डागली होती. निघताना त्यांनी विडीच्या बंडलाच्या कागदाची घडी माझ्या हातात ठेवली.

"वैनी, ह्या तुमचा."

आत तो खवला. मी बोटीच्या इंजिनाचे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "चूक शाण्या माणसाची आसा. पण बोटीत पाणी भायरसून येता नि भायर जाता. गाडीत ताच पाणी फिरता. मीठ थयच रवता." मग म्हणाले, "झिलाक सांगूचा काम तुमचा. माझा काम पाण्याचा."

एकवीस वर्षांत त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही. मी दर दोन वर्षांनी गाडी त्यांच्याकडे नेली, त्यांनी दर वेळी चहा मागवला, आणि दर वेळी जाताना विचारले, "हितेश बरो मा?" एवढेच.

६. त्या दिवसापासून गाडीचे पाणी मी स्वतः बघते. बॉनेटच्या आत दोरीने बांधलेली वही आहे, ही पाचवी. रोज सकाळी एक ओळ: तारीख, आणि "पाणी पाहिले." एकवीस वर्षांत गाडी एकदाही उकळलेली नाही, पावसात नाही, मे महिन्यात नाही, मेट्रोच्या खोदकामात दीड तास उभी राहूनही नाही. हे श्रेय माझे नाही. गाडी ज्याच्याकडे जाईल त्याने मिस्त्रींनी शिकवलेले पाळावे.

झाकण सकाळी, इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना कधीही नाही, फडके धरूनही नाही. झाकणाला एक स्प्रिंग आणि एक रबर असते. पाणी आत दाबून ठेवण्याचे काम तेच करते. रबर चिरले की झाकण बदलावे. लोक इंजिनावर हजारो रुपये घालवतात आणि साधे झाकण बदलत नाहीत, असे मिस्त्री म्हणतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे निम्मे. नळाचे पाणी रस्त्यात अडले तरच. बर्फाचे कधीच नाही, हे मी लिहायला नको.

पट्टा अंगठ्याने दाबून बघावा. अर्धा इंच दबला की बरोबर. रबरी पाइप हाताने दाबून बघावेत. आतून कुरकुर झाली किंवा पुरणाच्या गोळ्यासारखे मऊ लागले तर बदलावेत, फुटायची वाट बघू नये. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते. ते बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेले असते, बुजवू नये. तिथे थेंब दिसला की पंप जायला निघाला असे समजावे. मिस्त्री त्याला "पंपाची चिठ्ठी" म्हणतात. आमच्या खाऱ्या हवेत रेडिएटरच्या पुढच्या जाळ्या लवकर खाल्ल्या जातात, म्हणून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने धुवाव्यात. जुने कूलंट गटारात किंवा खाडीत ओतू नये. ते चवीला गोड असते, मांजरे चाटतात आणि मरतात. आमच्या गल्लीत मांजरे किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. कॅनमध्ये भरून दुकानात परत द्यावे.

ओशिवऱ्याच्या एका गॅरेजवाल्याने एकदा मला न विचारता थर्मोस्टॅट काढून टाकला. म्हणाला, "मुंबईत थंडी कुठे असते, मावशी?" मी मिस्त्रींना सांगितले. ते दुसऱ्या रविवारी घाटकोपरच्या आपल्या घरून स्वतः वर्सोव्याला आले, नवा थर्मोस्टॅट खिशात घेऊन. माझ्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवले, तारेला बांधून थर्मोस्टॅट आत सोडला आणि मला म्हणाले, "बघा हां." पाणी तापले तशी ती पितळी चकती हळूहळू उघडली. गॅस बंद केला, पाणी निवले, तशी मिटली. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू पहिल्यांदाच बघत आहेत. चाळीस वर्षे हे काम केलेला माणूस. "काय अक्कल हा बघा ह्येका," म्हणाले. "गरम झाला की वाट देता, गार झाला की धरून ठेवता. माणसाक जमत नाय." ते पातेले मी नमिताला देते. त्यात त्यानंतर चहा केलेला नाही, घासून घ्यावे.

७. ऑक्टोबरातल्या कागदात मी चौथ्या कलमातली हकिकत लिहिली होती, म्हणजे माझ्या मागे हितेशला ती वाचायला मिळेल. आणि गाडी दशरथ मिस्त्रींना दिली होती. तो कागद घेऊन मी त्यांच्याकडे साक्षीची सही मागायला गेले. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दुकान मुलगी बघते, ते खुर्चीवर बसून असतात. चष्मा लावून त्यांनी सगळा कागद वाचला, शेवटपर्यंत, आणि परत दिला.

"सही करूचंय नाय."

"का हो?"

"वैनी, तुम्ही मेल्यावर सांगितल्यात, तर तेना रागवाचा कोणार?"

मी म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत ना, गरम असताना झाकण उघडायचं नाही."

"एकवीस वर्षां झाली. अजून गरमच आसा?"

मग म्हणाले, "आणि गाडी माका नको. माका काय्येक देव नका. घेतलंय तर साक्षीक बसूक येवचा नाय. सांगून येवा, मग सही करतंय."

मी रागाने परत आले. आठवडाभर त्यांच्यावर राग होता. तो मी इथे लिहिते म्हणजे नोंद राहील. ज्या माणसाने माझे एकवीस वर्षे झाकले त्याच्यावर मी आठ दिवस रागावले होते.

८. रविवार, नऊ नोव्हेंबर. हितेश आणि नमिता जेवायला आले होते. जेवणाआधी मी हितेशला गाडीपाशी बोलावले आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले. खवला दाखवला. तो मडगार्डवर हात ठेवून ऐकत होता. मग म्हणाला,

"आये, तुला ठाऊक हाय काय केलंस तू? मी एकवीस वर्षं सोताला विचारतो, खरंच बघितलं होतं का मी? ती कॅन, ते झाकण, सगळं आठवायचं मला. मग हळूहळू आठवायचं बंद झालं. वाटायला लागलं, नसेलच बघितलं. बाबा बोलला म्हणजे नसेलच."

"बघितलं होतंस," मी म्हणाले. "काठोकाठ होतं. म्हणून तर माझं सगळं मावलं नाही."

"बाबा गेला तेव्हा तरी सांगायचं."

"हो."

"हो काय, हो? नुसतं हो?"

तो न जेवता गेला. नमिता पदराने हात पुसत मागोमाग गेली. तळलेली सुरमई तशीच राहिली, ती मी ओटीवर जाळीवाल्यांना वाढली.

सोळा, तेवीस, तीस तारखेला रविवारी कोणी आले नाही. मी मिस्त्रींना फोनवर कळवले की हितेशला सगळे सांगितले, पण तो निघून गेला. ते म्हणाले, "जाऊंदे. पाणी आधी उकळता, मग निवता. तुम्ही झाकणार हात ठेवू नका."

सात डिसेंबरला सकाळी मी पाणी बघायला खाली उतरले तर बॉनेट आधीच उघडे होते. हितेश एकटा आला होता, मुलुंडहून पहिल्या रिक्षाने. झाकण काढून आत वाकून बघत होता. माझ्याकडे न बघता विचारले, "किती खाली असलं तर चालतं?"

"दोन बोटं."

त्याने दोन बोटे आत घातली, बाहेर काढली, फडक्याला पुसली. झाकण बसवले, दाबून फिरवले, पुन्हा एकदा ओढून बघितले. मग वही उघडली. पाने चाळली, बरीच. पेन मागितले. मी दिले. त्याने लिहिले: "७/१२. पाणी पाहिले. काठोकाठ. हितेश."

मग वर येऊन चहा घेतला. माफ केले असे तो म्हणालेला नाही, आणि मी विचारलेले नाही. निघताना चावी कुठे असते ते विचारून गेला.

९. सबब पद्मिनी मोटार, तिचे आरसी बुक, वह्या पाच, पान्यांची पेटी, कूलंटचा कॅन व फडकी यांसह मी माझा मुलगा हितेश यास देते. ती चालवायची की नुसती ठेवायची हे त्याचे त्याने ठरवावे. नकोच झाली तर भंगारात न घालता दशरथ मिस्त्री सांगतील त्याला द्यावी.

सुगंधा, विनिता आणि आमच्या कोळीवाड्यातले जे जे त्या दिवशी जुहू तारा रस्त्यावर होते, त्या सर्वांसाठी मी हे स्पष्ट नमूद करते: दिनांक ९ मे २००४ रोजी हितेश धर्मा नाखवा याने गाडीचे पाणी बघितले होते. ते काठोकाठ होते. बाप जे बोलले ते चुकीच्या माहितीवरून बोलले, आणि ती माहिती दडवणारी मी. धर्मांबद्दल कोणी वाईट बोलू नये. त्यांना कोणी खरे सांगितले नव्हते.

१०. रावसाचा खवला माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे, त्याच विडीच्या कागदात. मी तो हितेशला देऊ केला, पण तो म्हणाला, "हे तूच ठेव." म्हणून तो माझ्या अस्थींबरोबर दर्यात सोडावा. मीठ त्याला तिथे बाधणार नाही.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सून नमिताने करावी. ती त्या रविवारी नवऱ्यामागे गेली, पण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. दोन्ही बाजू एवढ्या सांभाळणे ज्याला जमते त्याला व्यवस्था जमते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, एकदा वाचला आणि साक्षीदार सुहासिनीबाईंकडून मोठ्याने वाचून घेतला. काही खोडायचे राहिलेले नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर, व त्यांनी माझ्यासमोर, आमच्या ओटीवर बसून सह्या केल्या आहेत.

ठिकाण: वर्सोवा कोळीवाडा, मुंबई
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार, सकाळी साडेनऊ
(आजचे पाणी पाहिले.)

सही: मथुरा धर्मा नाखवा

साक्षीदार:

१) सुहासिनी भास्कर वैती, वय ६६, निवृत्त शिक्षिका, राहणार वर्सोवा. सही.

२) दशरथ बाबली परब, वय ७८, रेडिएटर मिस्त्री, राहणार घाटकोपर. सही.
मला या कागदाने काहीही मिळालेले नाही. मला हितेशने त्याच गाडीतून घरून आणले. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही.